शालेय आरोग्य व समुपदेशन सेवा आणि पालकांची संमती : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शाळा ही प्रामुख्याने ज्ञानदान करणारी संस्था असली, तरी बालकांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचविण्याचे सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणूनही तिच्याकडे शतकाहून अधिक काळ पाहिले जात आहे. भारतात शालेय विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात करण्यात आली. १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवेच्या उभारणीची शिफारस केली आणि १९६१ मध्ये रेणुका राय समितीने या विषयाचा स्वतंत्रपणे विचार केला. अलीकडच्या काळातील सर्वांत व्यापक योजना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिचा प्रारंभ महाराष्ट्रातच, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शासकीय आणि अनुदानित शाळेत येते. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार अंगांनी बालकांची तपासणी करते आणि ज्यांना पुढील उपचारांची गरज आहे त्यांना रुग्णालयाकडे पाठविते. मराठवाड्यातील अनेक बालकांची ही वाट शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयापर्यंत, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘घाटी’पर्यंत, येऊन पोहोचते.

या सेवांचा लाभार्थी अल्पवयीन असतो. त्याच्या शरीराला हात लावण्यापूर्वी, त्याला गोळी वा लस देण्यापूर्वी किंवा त्याच्या मनातील गोष्ट ऐकून घेण्यापूर्वी ‘हो’ कोणी म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रवेशअर्जाच्या मागील बाजूस एक ओळ छापून व तिच्याखाली पालकाची सही घेऊन तो सुटला असे बहुतेक संस्था मानतात. प्रत्यक्षात या एका सहीत तीन-चार भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि अडचणीच्या प्रसंगी त्यांतील कोणतीच उपयोगी पडत नाही.

हा विषय शाळेचा आहे, महाविद्यालयाचा नव्हे, अशी समजूत अध्यापकवर्गात आढळते. तथापि महाराष्ट्रात अकरावी व बारावीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले आहेत. त्या वर्गांतील बहुसंख्य विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अज्ञान असतात. एवढेच कशाला, पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांचेही अठरावे वर्ष पूर्ण झालेले नसते. म्हणून प्रस्तुत लेखात शाळेपासून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतचा संपूर्ण टप्पा विचारात घेतला आहे.

कळविणे आणि संमती घेणे

पालकांना एखादी गोष्ट कळविणे, त्यांनी हरकत घेतली नाही म्हणून त्यांची मान्यता गृहीत धरणे आणि त्यांच्याकडून समजून-उमजून होकार घेणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. आपल्याकडील शालेय आरोग्यसेवा बहुतांशी पहिल्या दोहोंवर चालते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचे उदाहरण घेता येईल. २०१५ पासून १० फेब्रुवारी रोजी शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. आदल्या दिवशी वर्गात सूचना दिली जाते, पालकांच्या सभेत सांगितले जाते, गावात दवंडी वा फलक असतो. प्रत्येक घरातून लेखी होकार यावा अशी अपेक्षा नसते. जी गोळी सुरक्षित म्हणून दीर्घकाळ वापरली गेली आहे आणि जिचा लाभ उघड आहे तिच्या बाबतीत ही पद्धत असमर्थनीय ठरत नाही. प्रत्येक गोळीसाठी सही मागितल्यास ज्या घरातील मुलांना तिची सर्वाधिक गरज आहे, तीच मुले वगळली जाण्याचा धोका असतो.

परंतु कळविण्याचे काम नीट झाले नाही, तर काय घडते हे मुंबईने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. गोवंडी भागातील महापालिकेच्या एका शाळेत लोहयुक्त गोळ्या दिल्यानंतर काही दिवसांनी एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि भयभीत पालकांनी शेकडो मुलांना रुग्णालयात नेले. या मृत्यूचा गोळ्यांशी संबंध नसल्याचे महापालिकेने सांगितले. मात्र गोळी कशाची, कशासाठी आणि तिचे किरकोळ त्रास कोणते, हे घरी आधीच पोहोचले असते, तर भीतीला एवढी जागा मिळाली नसती असे म्हणावे लागेल.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबर रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटातील तीन कोटींहून अधिक बालकांचे उद्दिष्ट असलेल्या या मोहिमेचा मुख्य आधार शाळाच होती. काही ठिकाणी भ्रमणध्वनीवरून पसरलेल्या अफवांमुळे पालकांनी लस नाकारली आणि मुख्याध्यापक पेचात सापडले : नकाराची चिठ्ठी आणणाऱ्या मुलाचे काय करावयाचे आणि चिठ्ठीच न आणणाऱ्याचे काय?

याच प्रश्नाला दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्तर दिले. दिल्ली शासनाने १९ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेद्वारे या लसीसाठी पालकांची संमती आवश्यक नाही असे म्हटले होते. काही विद्यार्थ्यांनी पालकांमार्फत त्यास आव्हान दिले. लस सर्वांनी घेणे हिताचे आहे, एवढ्यावरून संमतीची गरज संपत नाही आणि लसीचे संभाव्य दुष्परिणाम व ती कोणास देऊ नये याची माहिती पालकांना मिळालीच पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. स्पष्ट नकार असेल त्या विद्यार्थ्यास लस देऊ नये, असे निर्देश देण्यात आले. त्याच वेळी, शिक्षकांनी सर्व प्रयत्न करूनही ज्या पालकांशी संपर्कच होऊ शकला नाही आणि ज्यांच्याकडून विरोधाचा कोणताही संकेत नाही, त्यांच्या पाल्यांना लस देता येईल असेही न्यायालयाने मान्य केले. सदर निर्णयाचे मर्म येथे आहे. मौनाला संमती मानता येते. पण त्यापूर्वी विचारण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा लागतो. विचारलेच नाही, तर त्या मौनाला कोणताच अर्थ नसतो.

कायद्याची चौकट

विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेसाठी संमती कोणी द्यावी, याचे एकत्रित उत्तर देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. निरनिराळ्या कायद्यांतील तरतुदी जोडून त्याचे चित्र तयार करावे लागते आणि ते काहीसे ठिगळांचे आहे.

१८७५ च्या सज्ञानता अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्ती सज्ञान होते. १८७२ च्या करार अधिनियमानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. दवाखान्यात अठराखालील रुग्णाच्या कागदावर पालकाची सही घेण्याची प्रथा या दोहोंवर उभी आहे. परंतु भारतीय दंड संहितेने वेगळी वयोमर्यादा मानली होती. तिच्या कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी, पालकाच्या किंवा ज्याच्याकडे त्या बालकाचा कायदेशीर ताबा आहे अशा अन्य व्यक्तीच्या व्यक्त अथवा गर्भित संमतीने, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नसे. कलम ९० नुसार बारा वर्षांखालील बालकाची स्वतःची संमती ही सामान्यतः संमती मानली जात नसे. यावरून, बारा वर्षे पूर्ण झालेले मूल साध्या वैद्यकीय तपासणीस स्वतः संमती देऊ शकते, असा अर्थ न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत लावला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम २७ व २८ म्हणून कायम आहेत. जीव वाचविण्यासाठी तातडीने उपचार करणे भाग असेल व संमती मिळविणे अशक्य असेल, तर संमतीविना केलेल्या उपचारालाही कलम ३० चे संरक्षण आहे. पटांगणावर बेशुद्ध पडलेल्या मुलाला रुग्णालयात नेण्यासाठी कोणत्याही शिक्षकाने पालकांच्या दूरध्वनीची वाट पाहण्याचे कारण नाही.

या तरतुदी डॉक्टरला फौजदारी जबाबदारीपासून वाचविणाऱ्या आहेत, मुलाचा अधिकार सांगणाऱ्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. बारा ते अठरा या सहा वर्षांत मुलाच्या शब्दाला किती वजन द्यावयाचे, याविषयी कायदा बराचसा मोघम आहे. काही विशेष कायद्यांनी मात्र या वयाकडे अधिक बारकाईने पाहिले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये बालकाची वैद्यकीय तपासणी पालकाच्या ‘किंवा बालकाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा अन्य व्यक्तीच्या’ उपस्थितीत करावयाची असते. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या अधिनियमाने तर बारा ते अठरा वर्षांच्या समंजस भावंडाला आपल्या धाकट्या भावंडाचा पालक म्हणून काम करण्याची मुभा दिली आहे. उलटपक्षी १९७१ चा गर्भपातविषयक कायदा अठराखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती अनिवार्य मानतो. एकाच देशाच्या कायद्यांत पंधरा वर्षांची मुलगी कधी कर्ती ठरते, तर कधी केवळ सांभाळली जाणारी.

समिरा कोहली खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा निर्णयही येथे उपयुक्त आहे. तो सज्ञान रुग्णाविषयीचा असला तरी त्यातील एक तत्त्व शालेय तपासणीस तंतोतंत लागू पडते : निदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती नव्हे. फिरत्या पथकाने मुलाची छाती तपासावी यास पालकांची मान्यता गृहीत धरता येईल. परंतु हृदयात दोष आढळल्यावर पुढची प्रत्येक पायरी पालकांशी नव्याने बोलूनच चढावी लागते.

सही कोणाची? खम्मम येथील अनुभव

पालकाच्या जागी संस्थाप्रमुखाने सही केल्यास काय होते, याचा भारतातील सर्वांत गंभीर धडा शेजारच्या राज्यांतून मिळाला. २००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत राबविला. दहा ते चौदा वयोगटातील हजारो मुलींना लस देण्यात आली. त्यांत आदिवासी आश्रमशाळा व वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु चौकशीतून जे उघड झाले ते संमतीविषयीचे होते.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या बहात्तराव्या अहवालात आंध्र प्रदेशातील संमतिपत्रांचा हिशेब दिला आहे. तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठ्याचे ठसे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. म्हणजे चारांतील एकाहून अधिक मुलींसाठी ‘पालक’ म्हणून अधीक्षकानेच होकार दिला होता. समितीने यावर कठोर ताशेरे ओढले. पुढे याच अहवालाचा आधार न्यायालयात घेता येतो काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला २०१८ मध्ये कल्पना मेहता खटल्यात निर्णय द्यावा लागला व तसा आधार घेता येतो असे पीठाने सांगितले.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा आहे. दंड संहितेतील ‘कायदेशीर ताबा असलेली अन्य व्यक्ती’ हे शब्द पाहता वसतिगृह अधीक्षकाची सही सर्वस्वी निरर्थक आहे असे म्हणता येत नाही. रात्री ताप भरलेल्या मुलीला इंजेक्शन देण्यास अधीक्षिकेने होकार दिला, तर त्यात कोणी दोष काढणार नाही. खम्मममध्ये प्रश्न वेगळा होता. तेथे तातडी नव्हती, आईवडिलांना विचारण्यास पुरेसा अवधी होता आणि सेवेच्या आड एक अभ्यासप्रकल्प उभा होता. ज्या अधिकाऱ्याने लसीकरण पूर्ण करून दाखवावयाचे, त्यानेच मुलीच्या वतीने संमती द्यावयाची, यात हितसंबंधांचा उघड विरोध होता. लस चांगली की वाईट हा प्रश्न यापासून अलग ठेवला पाहिजे. एचपीव्ही लसीची उपयुक्तता जगभर मान्य झालेली आहे. आणि तरीही त्या प्रकल्पाच्या आठवणीने भारतात तिच्याविषयी अनेक वर्षे संशय टिकून राहिला. सह्या गोळा करण्याची घाई अशी महाग पडते.

मराठवाड्यातील ‘पालक’

संमतीविषयीची सारी चर्चा आईवडील संध्याकाळी घरी भेटतात या गृहीतकावर उभी आहे. मराठवाड्यात हे गृहीतक वर्षाचे निम्मे महिने टिकत नाही. बीड जिल्हा, तसेच जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या काही भागांतून लक्षावधी ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. कामाचे एकक ‘कोयता’, म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी, असल्याने दोन्ही पालक एकाच वेळी घराबाहेर पडतात व गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुले आजी-आजोबांकडे, चुलत्यांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अलीकडे संत भगवान बाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली आहे.

आता आरोग्य कार्यक्रमांचे दिनदर्शक यासमोर ठेवून पाहावे. जंतनाशक दिन १० फेब्रुवारीस येतो. गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबरला सुरू झाली होती. दोन्ही तारखा ऐन गळीत हंगामातल्या आहेत. फडात पहाटेपासून राबणाऱ्या आईपर्यंत शाळेची चिठ्ठी पोहोचण्याचा मार्ग नसतो. मग चिठ्ठीवर आजीचा अंगठा येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे आजी नैसर्गिक पालक नाही. वडील व त्यांच्यानंतर आई हे नैसर्गिक पालक असून ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ एवढाच घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये स्पष्ट केले. तरीही शाळांच्या अनेक अर्जांत ‘वडिलांची सही’ एवढाच रकाना आढळतो आणि परित्यक्ता वा एकट्या आईला तो भरताना उगीच खजील व्हावे लागते.

आजीचा अंगठा कायद्याच्या काट्यावर हलका असला, तरी व्यवहारात तो बहुधा सर्वांत सच्चा असतो. नातवाला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते हे तिलाच ठाऊक असते. दंड संहितेतील ‘कायदेशीर ताबा’ या शब्दप्रयोगाचा उदार अर्थ लावल्यास नियमित तपासणी, गोळी किंवा लस यांसाठी तिचा होकार पुरेसा मानण्यास हरकत नसावी. शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचारांसाठी मात्र आईवडिलांशी फडावर संपर्क साधणे अपरिहार्य आहे. आज बहुतेक मजुरांकडे भ्रमणध्वनी असतो; शाळेच्या नोंदवहीत मात्र तो क्रमांक अनेकदा तीन वर्षांपूर्वीचा असतो.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात मराठीइतक्याच स्वाभाविकपणे उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. इंग्रजीतून भाषांतरित झालेले, ‘सदर अधोस्वाक्षरीकर्ता’ असे सुरू होणारे संमतिपत्र यांपैकी कोणाच्याच घरात वाचले जात नाही. न वाचलेल्या कागदावरील सही संस्थेला दिलासा देते. पालकाला काहीच देत नाही.

समुपदेशन : वेगळ्या स्वरूपाची सेवा

लस, गोळी, दृष्टितपासणी यांना लागू पडणारा विचार समुपदेशनाला जसाच्या तसा लावता येत नाही. तपासणीत मुलाचे शरीर पाहिले जाते; समुपदेशनात मूल स्वतः बोलते. ते बोलेल की नाही हे मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते : आपण सांगितलेले कोठे जाईल? पालकांच्या पूर्वसंमतीशिवाय समुपदेशकाकडे जाता येणार नाही असा नियम केला, तर ज्यांचे घराशी सौहार्द आहे अशीच मुले तेथे पोहोचतील. ज्यांच्या दुःखाचे मूळ घरातच आहे, ती दाराशीच थांबतील.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर बालविवाहाचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते आणि बीड, परभणी यांसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून खूपच अधिक होते. अकरावीतील एखादी विद्यार्थिनी अचानक गप्प होते, चाचणीला येत नाही, विचारल्यावर रडते. घरी स्थळ पक्के झाले आहे, हे सांगण्यासाठी तिने आधी वडिलांची संमती आणावी, ही अपेक्षा हास्यास्पद ठरेल. अशा प्रसंगी समुपदेशकाने करावयाचे काम म्हणजे २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालील अधिकाऱ्यास किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविणे हे होय आणि त्यासाठी पालकांच्या अनुमतीची आवश्यकता नाही.

याउलट बाजूही तितकीच खरी आहे. गुप्ततेचे वचन निरपवाद असू शकत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या अधिनियमातील कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा आहे. विद्यार्थी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असेल, तर घरी कळविल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असे सुरुवातीला म्हणून नंतर घरी दूरध्वनी करणाऱ्या शिक्षकावर ते मूल पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि कदाचित कोणत्याच शिक्षकावर ठेवणार नाही. म्हणून गुप्ततेच्या मर्यादा पहिल्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगणे, हा समुपदेशनातील खरा संमतिविधी आहे. तो पालकाशी नव्हे, विद्यार्थ्याशी करावयाचा असतो.

पालकांना वगळावे असा याचा अर्थ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. यांतील अनेकांना नुसते बोलणे पुरेसे नसते. मानसोपचारतज्ज्ञ, औषधे, क्वचित रुग्णालयही लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने अज्ञान रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून सामान्यतः पालकासच मान्यता दिली आहे. औषध सुरू झाले की ते वेळेवर देणारा हात घरचाच असतो. त्यामुळे बोलण्यासाठी संमती नको, उपचारासाठी हवी, अशी विभागणी सर्वांत व्यवहार्य दिसते. दोहोंच्या मधला काळ, म्हणजे विद्यार्थ्याला पालकांशी बोलण्यासाठी तयार करण्याचा काळ, हेच कुशल समुपदेशकाचे खरे कार्यक्षेत्र होय.

पालकांच्या नावाने घेतलेले निर्णय नेहमीच पालकांचे असतात असेही नाही. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील लैंगिकताविषयक साहित्यावर महाराष्ट्रात वादळ उठले आणि राज्याने तो कार्यक्रम थांबविला. पालकांच्या भावनांचा दाखला तेव्हा वारंवार दिला गेला. घरोघरी जाऊन पालकांना कोणी विचारले नव्हते. त्यानंतर २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी जी स्वतंत्र केंद्रे चालतात त्यांना ‘मैत्री’ हे नाव देण्यात आले. नावातील आपुलकी दाराशी पालकाची चिठ्ठी मागितल्यास टिकणार नाही, हे सांगणे नलगे.

कनिष्ठ महाविद्यालयातील व्यवहार

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च पीठासमोर गेला होता. आपल्या सोळा वर्षांखालील मुलींना डॉक्टरांनी आपल्या संमतीविना गर्भनिरोधनाचा सल्ला देऊ नये, अशी व्हिक्टोरिया गिलिक या मातेची मागणी होती. पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने ती फेटाळली. उपचाराचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी जाण मुलाला असेल, तर त्याची स्वतःची संमती पुरेशी आहे, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. भारतीय कायद्याने हे तत्त्व स्वीकारलेले नाही. तथापि १९९२ मध्ये भारताने मान्य केलेल्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाचे मत त्याच्या वयानुरूप विचारात घेण्यास सांगते, आणि त्याची अंमलबजावणी करण्यास प्राचार्यांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा खटल्यात शैक्षणिक संस्थांतील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू ही त्यामागील पार्श्वभूमी होती. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शाळा, महाविद्यालय व शिकवणी संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. पालकांच्या जाणीवजागृतीचाही उल्लेख आहे. परंतु अज्ञान विद्यार्थ्याने समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी पालकांस विचारावे काय, याचे थेट उत्तर तेथे मिळत नाही. ते प्रत्येक संस्थेला आपापल्या नियमावलीत द्यावे लागेल आणि जेथे नियमावली नाही, तेथे ते एखाद्या गोंधळलेल्या वर्गशिक्षकाला ऐन वेळी द्यावे लागेल.

नोंदींच्या बाबतीत सावधगिरी हवी. समुपदेशकाची टिपणे संगणकावर ठेवली की ती २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येतात. हा कायदा अठराखालील सर्वांना बालक मानतो व त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापना व शैक्षणिक संस्था यांना विशिष्ट कारणांपुरती सूट आहे. ती प्रत्येक महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षास आपोआप लागू होईलच असे नव्हे. तूर्त कुलूपबंद कपाटातील वही अधिक सुरक्षित आहे. विद्यार्थी बारावीत असतानाच अठरा वर्षांचा होतो, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. त्या दिवसापासून पालकांची संमती गैरलागू होते. शिक्षकांची घरी कळविण्याची सवय मात्र सुटत नाही आणि सज्ञान विद्यार्थ्याची गुप्तता अनवधानाने भंग पावते.

या सर्व विवेचनातून प्रवेशअर्जासोबतच्या संमतिपत्राचे स्वरूप बरेचसे ठरते. त्याची लांबी अर्ध्या पानाहून अधिक नसावी. मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत ते असावे. ‘आई, वडील किंवा सांभाळ करणारी व्यक्ती’ असा रकाना असावा आणि हंगामात संपर्कासाठी चालू क्रमांक वेगळा विचारलेला असावा. वार्षिक तपासणी व गोळ्या यांविषयी केवळ माहिती देऊन हरकत असल्यास कळवावे, असे म्हणावे. लस व संदर्भसेवा यांसाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र होकार मागितला जाईल, असे लिहावे. समुपदेशन कक्ष सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला आहे, तेथील बोलणे जिवाला धोका किंवा अत्याचार यांखेरीज कोणासही सांगितले जात नाही, हे पालकांना संमती म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून द्यावे. खाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सहीसाठीही जागा असावी. हे पत्र भरून घेण्याचा योग्य काळ जून-जुलैचाच आहे. तेव्हा गळीत हंगाम संपलेला असतो, कोयता घरी टांगलेला असतो आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आई किंवा वडील स्वतः महाविद्यालयाच्या खिडकीशी रांगेत उभे असतात. त्या खिडकीवर शुल्काची पावती फाडणाऱ्या लिपिकाच्या शेजारी, पत्र वाचून समजावून सांगणारा एक प्राध्यापक बसवावा लागेल.